नेटके यांनी ठरवलेली जागा

नेटके हे त्यांचं आडनाव नव्हे. ऑफिसात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांच्या टेबलांमागच्या वायरींचा गुंता सोडवला आणि एकेक वायर दोऱ्याने बांधून ठेवली. मालक म्हणाले, "फारच नेटके गृहस्थ दिसतात," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. नवीन माणसाला ते आडनावच वाटायचं. एका गिऱ्हाइकाने एकदा 'श्री. नेटके' असं लिहून पत्र पाठवलं, तर पोस्टमनने ते न विचारता त्यांच्याच हातात दिलं.

त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनींचा आवाज दोनदा गेला. एकदा डॉक्टरांनी काढला, तो जीव वाचवायला. एकदा गेला त्यात डॉक्टरांचा काही संबंध नव्हता. ते सगळं मला माहीत आहे, आणि आता पहिल्यापासून सगळं माहीत असलेला मी एकटाच उरलोय, म्हणून लिहून ठेवतो आहे. जमेल तसं लिहितो.

पंचवीसेक वर्षं झाली. आमचं ऑफिस म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही एकच प्रोग्रॅम बनवत होतो. जुन्या कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर उतरवायचा, त्यातली खरखर काढायची आणि स्वच्छ करून द्यायचा. माईक लावून थेट आवाजही त्यात भरता यायचा. गंमत अशी की, खरखर काढणारा प्रोग्रॅम जिथे बनत होता तिथे खालून दिवसभर शिलाई मशीनची खडखड चालू असायची. मालक म्हणायचे, "इथे चालला तर जगात कुठेही चालेल."

प्रोग्रॅम लिहायचं काम नेटके यांचं. माझं काम दोन गोष्टींचं, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे आणि प्रोग्रॅमबरोबर जाणारी माहितीपुस्तिका लिहायची. या दुसऱ्या कामावरून नेटके मला 'लेखक' म्हणायचे. "काय लेखक, आज किती पानं?" मी म्हणायचो, "अर्धं." "मग अर्धाच चहा मिळेल." हा विनोद ते रोज करायचे आणि रोज स्वतःच हसायचे.

वहिनी एका वाचनालयात होत्या. चोवीस वर्षं. दिवसभर लोकांना 'हळू बोला' म्हणण्यात गेलेली बाई. त्यांचा घसा बसला तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. नेटकेच म्हणाले होते, "तुझा घसा बसला की नाही हे कळायला आधी तू मोठ्याने बोलायला हवं." चार महिन्यांनी तपासणीत गाठ निघाली. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तारीख एक महिन्यानंतरची मिळाली.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात होती आणि तिला सातवा महिना होता. ती फोनवर आईला म्हणाली, "आई, माझ्या बाळाला तुझा आवाज हवा. कसंही करून ठेव." त्या काळी मोबाईलमध्ये आवाज साठवता येत नव्हता. लग्नाचे फोटो होते, पण आवाज असलेलं काहीही घरात नव्हतं. दुसऱ्यांचे आवाज वाचवणाऱ्या माणसाच्या घरात बायकोच्या आवाजाची एक कॅसेट नव्हती. हे नेटकेंनी मला सांगितलं तेव्हा ते टेबलावरचे टाचण्यांचे डबे एका ओळीत लावत होते.

त्यांनी घरच्या कॉम्प्युटरला चांगला माईक लावला आणि वहिनींच्या नावाचा एक फोल्डर करून ठेवला. वहिनींना एकदा दाखवलं, हे लाल बटण दाबलं की सुरू, हे दाबलं की थांबतं आणि शेवटी 'जतन करा'. सोबत आमची पुस्तिका दिली. वहिनींनी अट घातली.

"अहो, तुम्ही ऐकायचं नाही. ऑपरेशन होईपर्यंत तर नाहीच नाही."

"का गं?"

"तुम्ही चुका काढाल."

नेटकेंनी शब्द दिला. वहिनी दुपारी, ते ऑफिसात असताना, माईकसमोर बसायच्या. रोज अर्धा तास, बरं वाटलं तर जास्त. अकरा दिवस बसल्या. घसा दुखायचा, मधे मधे कोमट पाणी प्यायच्या. काय बोलतात ते कुणालाच सांगितलं नाही. मी एकदा घरी गेलो होतो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "काल मी माझ्या आईला रागावून घेतलं. फार बरं वाटलं."

आता ऑफिसातलं सांगतो, कारण ते त्याच दिवसांत चाललं होतं.

आमचा प्रोग्रॅम आवाज भरत असताना तो एका तात्पुरत्या फाइलीत लिहीत जायचा. माणसाने 'जतन करा' म्हटलं की नाव विचारायचा, पक्की फाइल बनवायचा आणि तात्पुरती पुसून टाकायचा. मधेच वीज गेली तर ती तात्पुरती फाइल तशीच राहायची. पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडला की पडद्यावर प्रश्न यायचा, 'अर्धवट काम सापडले. पुढे चालू करायचे?' याविषयी मी पुस्तिकेत लिहिलं होतं, 'अर्धवट राहिलेले काम कधीही हरवत नाही. ते जसेच्या तसे तुमची वाट पाहत असते.' मालकांना हे वाक्य फार आवडलं होतं. "वा लेखक!" म्हणाले होते.

या तात्पुरत्या फाइली तेव्हा आमच्या प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये राहायच्या, आणि त्यावरून मला रोज फोन येत होते. डिस्क भरली म्हणून कुणी ओरडायचं. एका बाईंना दिराचं अर्धवट भाषण आपल्या नावावर दिसलं, कारण घरात कॉम्प्युटर एकच. काही कचेऱ्यांत त्या फोल्डरमध्ये लिहायलाच परवानगी नव्हती, तिथे प्रोग्रॅम सुरूच होत नव्हता. तेव्हा नवीन आवृत्तीत ही जागा बदलायची, असं ठरलं. पण कुठे?

आम्ही तिघं बसलो. मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या कामाशेजारीच ठेवा ना. त्याच फोल्डरमध्ये."

"नको," नेटके म्हणाले. "दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण पिशवी बैठकीच्या मधोमध ठेवतो का? लोकांना आपल्या कामाशेजारी भलत्या नावाच्या फाइली दिसणार. ते घाबरून पुसणार, नाहीतर जपून ठेवणार. दोन्ही वाईट."

"मग?"

"प्रत्येक कॉम्प्युटरवर तात्पुरत्या फाइलींसाठी म्हणून एक जागा असतेच. ज्याची त्याची वेगळी. तिथे लिहायला कुणाची ना नसते. आपण तिथे ठेवायच्या आणि जाताना आपलं आपण आवरून जायचं. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं."

मला आजही वाटतं, ते बरोबर होतं. त्या माणसाने जागा चुकीची निवडली नाही.

प्रश्न राहिला जुन्या जागेतल्या फाइलींचा. नवीन आवृत्ती तिकडे बघणारच नाही, मग त्या वर्षानुवर्षं जागा अडवून पडून राहणार. नेटके म्हणाले, नवीन आवृत्ती पहिल्यांदा सुरू झाली की तिनेच तो कचरा साफ करावा. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "पण एखाद्याचं खरंच काही अर्धवट राहिलेलं असलं तर? साफ करण्याआधी विचारू या."

मालकांनी कपाळाला हात लावला. "अहो नेटके, प्रश्न विचारला की लोक फोन करतात. का हो लेखक?"

मी म्हणालो, "करतात."

"आणि असं कुणी आहे का, की ज्याने काम अर्धवटच ठेवलंय, जतन केलेलंच नाही?"

"आजवर फोनवर तरी मला असं कुणी भेटलेलं नाही," मी म्हणालो. "वीज गेली तर माणूस दुसऱ्या दिवशी येऊन पूर्ण करतो. तसंच ठेवून देणार कोण?"

नेटकेंनी माझ्याकडे पाहिलं. फोन मी घेत होतो, लोक कसे वागतात ते मला जास्त माहीत, असं ते मानायचे. "ठीक आहे," म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. विचारायचं नाही.

वहिनींना शुक्रवारी दवाखान्यात दाखल केलं. ऑपरेशन सोमवारी सकाळी.

नेटकेंची एक पद्धत होती. कुठलीही नवीन आवृत्ती गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ते ती स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालवून बघायचे. म्हणायचे, "रांधणाऱ्याने आधी चाखावं." ही पद्धत त्यांनी कधी मोडली नव्हती. रविवारी सकाळी दवाखान्यात निघण्याआधी त्यांनी घरी नवीन आवृत्ती बसवली. ती सुरू झाली आणि पडद्यावर सूचना आली, जुन्या तात्पुरत्या फाइली काढून टाकल्या, इतकी इतकी जागा मोकळी झाली. आकडा मोठा होता. त्यांना वाटलं, वर्षभर आपण ज्या चाचण्या घेतल्या त्यांचा हा कचरा. बरंही वाटलं. वहिनींचा आवाज त्यांच्या हिशेबाने वहिनींच्या नावाच्या फोल्डरमध्ये सुरक्षित होता. तो उघडायचा नाही, असा शब्द त्यांनी दिलेला होता.

मग नवीन जागेत मोठी फाइल नीट राहते का हे बघायला त्यांनी लाल बटण दाबलं, आठ तासांची वेळ लावली, खोलीचं दार ओढून घेतलं आणि दवाखान्यात गेले.

तो रविवारचा दिवस मला आठवतो, कारण दुपारी मीही दोन तास तिथे होतो. वहिनी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांना बोलायचं होतं. बोलायचा तो शेवटचा दिवस होता. आणि नेटके त्यांना बोलू देत नव्हते.

"अगं, घसा दमेल. उद्या ऑपरेशन आहे."

"उद्या तो घसाच राहणार नाही," वहिनी म्हणाल्या. "आता कोणासाठी शिल्लक ठेवू?"

"तुझं सगळं बोलून झालंय ना तिकडे? मग शांत पड."

"झालंय. सगळं आहे तिथे." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, माणसाने बायकोचं तोंड बंद करायला केवढा खटाटोप केलाय बघा."

नेटके हसले. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी सांगितलं की नवीन आवृत्ती छान चालली, घरच्या कॉम्प्युटरवर भरपूर जागा मोकळी झाली. वहिनींनी मान डोलावली. डोळे मिटून घेतले. त्या दिवशी, त्या खोलीत, माईक असता तर सगळं परत बोलून घेता आलं असतं. संध्याकाळपर्यंत वेळ होता.

सोमवारी ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टर म्हणाले, गाठ सगळी निघाली.

मंगळवारी मुलगी आली. अवघडलेली, प्रवासाने सुजलेले पाय. आईच्या मानेतली नळी बघून ती बाहेर व्हरांड्यात आली आणि बाकावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, मला आईला ऐकायचंय. आत्ता."

नेटके मला म्हणाले, "चला, घरून आणू. सीडीवर भरून घेऊ." आम्ही दोघं गेलो.

त्यांनी कॉम्प्युटर लावला, वहिनींच्या नावाचा फोल्डर उघडला. तो रिकामा होता. त्यांनी बंद करून पुन्हा उघडला. मग सबंध डिस्कवर शोधलं. त्या अकरा दिवसांतल्या तारखेची आवाजाची एकही फाइल नव्हती. होती ती एकच, रविवारची, आठ तासांची.

मी म्हणालो, "वहिनींनी दुसरीकडे कुठे ठेवलं असेल."

मग हळूहळू त्यांचा हात कीबोर्डवरून मांडीवर आला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि त्यांना कळलं तो क्षण मला दिसला. ते उठले, वाकले आणि भिंतीतून प्लग काढला.

"आता याला हात लावायचा नाही," म्हणाले. "पुसलेलं लगेच जात नाही. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत खाली असतं." हे बोलता बोलताच ते थांबले. रविवारी आठ तास काय लिहिलं गेलं होतं, ते त्यांना आठवलं.

बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारा एक माणूस होता. त्याच्याकडे डिस्क दिली. नऊ दिवसांनी त्याने बोलावलं. भला माणूस होता, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, डिस्क आधीच भरत आलेली होती, मोकळी जागा होती ती फक्त त्या फाइली पुसल्यामुळे झालेली, त्यामुळे नवीन फाइल नेमकी तिथेच जाऊन बसली. खालचे तुकडे मिळाले, पण डोळ्याची पापणी लवेल एवढेही लांब नाहीत. त्याने आम्हाला दोन-तीन ऐकवले. टक्, टक् असं काहीतरी. तो आवाज बाईचा आहे की भांड्याचा, सांगता येत नव्हतं.

आठ तासांची फाइल मात्र पूर्ण होती. नेटकेंनी ती सगळी ऐकली, कानाला हेडफोन लावून, दोन दिवस. कुठे मधेच खालचं काही वर आलं असेल, अशी त्यांना वेडी आशा. तसं होत नाही हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? त्यात रिकामी खोली होती. पंखा, शेजारचा पाण्याचा पंप, दुपारी दोनदा वाजलेली दारावरची बेल. कुणीतरी येऊन, वाट बघून, परत गेलेलं.

मुलीला सांगितलं तेव्हा ती वडिलांवर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आईला तुम्ही सांगा," एवढंच म्हणाली.

वहिनींना घरी आणल्यावर सांगायचं ठरलं. त्या रोज पाटीवर लिहून विचारत होत्या, 'ऐकलंत का?' आणि नेटके रोज म्हणत होते, "तू घरी ये, मग एकत्र ऐकू." ज्या दिवशी सांगायचं त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही काही बोलू नका. नुसते बसा."

नेटकेंनी सगळं सांगितलं. जागा कशी बदलली, जुनी कशी साफ केली. वहिनी ऐकत होत्या. मग त्यांनी पाटी घेतली. त्यांचं अक्षर वाचनालयातल्या कार्डांवरच्यासारखं, सुटं सुटं.

'जतन करा म्हटलं की नाव मागायचं. पुस्तक पुरं झाल्याशिवाय नाव काय देऊ? म्हणून नको म्हणायचे आणि भिंतीवरचं बटण बंद करायचे. दुसऱ्या दिवशी विचारायचं, पुढे चालू करायचं का. मी हो म्हणायचे. रोज असायचं.'

पाटी पुसली. पुन्हा लिहिलं.

'शेवटच्या दिवशी नाव देणार होते. सुचलं नाही.'

"मी विचारायला हवं होतं," नेटके म्हणाले. "तुला नाही, त्या प्रोग्रॅमने. पुसू का, एवढं एक विचारायला हवं होतं. माझ्या मनात आलंही होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझं नावही घेतलं नाही.

मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "वहिनी, विचारायची गरज नाही असं मी सांगितलं. आणि पुस्तिकेतलं ते वाक्यही माझंच. हरवत नाही, वाट पाहतं."

त्यांनी पाटी पुन्हा पुसली. मग लिहिलं, 'वाक्य चांगलं होतं, भाऊजी. मला धीर यायचा.'

मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही.

नवीन आवृत्ती गिऱ्हाइकांकडे गेली ती साफ करण्याआधी विचारणारी. मालकांनी चकार शब्द काढला नाही. फोन वाढले, ते मी घेतले. बायका-पुरुष वैतागून विचारायचे, हे अर्धवट काम कसलं, ठेवू की पुसू? मी सगळ्यांना सांगायचो, आधी ऐका. सबंध ऐका, मग ठरवा. पुस्तिकेतलं वाक्य मी काढून टाकलं. त्या जागी लिहिलं, 'नाव दिल्याशिवाय काहीही राहत नाही.' मालक म्हणाले, "जरा कोरडं झालंय." नेटके म्हणाले, "राहू दे."

मुलीला मुलगा झाला. वहिनींनी त्याला मांडीवर घेऊन थोपटलं, झुलवलं, टाळ्या वाजवल्या, सगळं केलं. मुलीने आईला कागदावर लिहून काढायला सांगितलं होतं, जे जे आठवेल ते. वहिनींनी दोन पानं लिहिली आणि थांबल्या. मुलीला दाखवलीही नाहीत. पाटीवर एवढंच लिहिलं, 'हे वाचनालयातल्या पुस्तकासारखं झालं. यात मी नाही.'

वहिनी त्यानंतर नऊ वर्षं होत्या. त्यांची पाटी नेटके रात्री पुसून, कोरडी करून उशाशी ठेवायचे.

त्या गेल्यानंतरच्या वर्षी मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. सकाळची वेळ. दोघेही निवृत्त, वेळ घालवायचा तो एकमेकांकडे. त्यांनी चहा केला. माझा कप ठेवला, स्वतःचा हातातच राहिला.

"एक विचारू?" म्हणाले. "मला तिचं बोलणं सगळं आठवतं. शब्द न शब्द. पण हल्ली ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. तिच्या आवाजात येतच नाही. कितीही प्रयत्न केला तरी नाही. तुम्हाला आठवतो का तिचा आवाज?"

"आठवतो की," मी म्हणालो.

ते पुढे सरकून बसले. "खरंच? कसा होता?"

मी त्या रविवारची आठवण काढली. खाट दिसली, उशी दिसली, माझ्याकडे वळून बोलणाऱ्या वहिनी दिसल्या. त्यांचे ओठ हलत होते. मी कान देऊन बसलो. नेटके माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचा चहा गार होत होता, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.